लिनक्स-पॅमवर रस्टचा रॅपर: मेमरी कोणाची, हे टाइपनेच सांगायला हवं

नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनशेजारी ठेवलेला लिनक्सचा संगणक दिवसातून तीनदा हात बदलतो: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. प्रत्येक ऑपरेटरचं लॉगिन वेगळं असावं, बॅज टेकवून पिन टाकला की आत जाता यावं, एवढीच मागणी असते. ती पुरवायची तर शेवटी एकाच दारातून जावं लागतं, ते म्हणजे वापरकर्त्याची ओळख पटवणारी लायब्ररी, लिनक्स-पॅम. ‘प्लगेबल ऑथेंटिकेशन मॉड्यूल्स’ ही कल्पना १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधून आली आणि १९९६ पासून ती रेड हॅट लिनक्समध्ये आहे. आज लॉगिन, एसएसएच, सुडो, जीडीएम (चित्ररूप लॉगिनचा पडदा) सगळे तिच्यावरच उभे आहेत. इथे परीक्षण आहे ते या लायब्ररीच्या सी इंटरफेसचं, आणि तेही रस्ट भाषेतून त्यावर सुरक्षित रॅपर, म्हणजे आवरण, लिहिणाऱ्याच्या नजरेतून. सोबत दोन तयार क्रेट (रस्टची पॅकेजं), पॅमएसएम आणि पॅम-क्लायंट, यांच्याबद्दलही.

निकाल आधी सांगतो. लायब्ररी भक्कम आहे, मॅन पेजेस (सोबतची माहितीपानं) चांगली आहेत. पण मेमरी कोणाची, ती कोणी मोकळी करायची, कधीपर्यंत वापरायची, हे नियम हेडर फाइलमध्ये, म्हणजे सीच्या फंक्शनांच्या घोषणांमध्ये, दिसत नाहीत. ते मॅन पेजच्या गद्यात आहेत. रॅपर चांगला की वाईट हे फंक्शनची नावं किती गोंडस झाली यावर ठरत नाही. त्या गद्यातले किती नियम टाइपमध्ये उतरले, यावर ठरतं.

मॉड्यूल लिहायलाच हवं का?

मॉड्यूल म्हणजे तपासणीचं एखादं काम करणारा, पॅमने लोड केलेला तुकडा. तो स्वतः लिहिणं पुष्कळदा नको असतं. फक्त पाळीनुसार प्रवेश द्यायचा असेल तर पॅम_टाइम हे तयार मॉड्यूल पुरेसं आहे. सिक्युरिटी डिरेक्टरीतल्या टाइम डॉट कॉन्फ फाइलमध्ये सेवा, टर्मिनल, वापरकर्ता आणि वेळ असे चार रकाने अर्धविरामांनी वेगळे करून लिहायचे. रात्रपाळीची २३०० ते ०७०० ही मध्यरात्र ओलांडणारी वेळही त्याला कळते, कारण शेवट सुरुवातीपेक्षा लहान असेल तर तो दुसऱ्या दिवशीचा धरला जातो. एक लक्षात ठेवा: ही तपासणी आत येतानाच होते. पाळी संपली म्हणून आत बसलेल्याला ते बाहेर काढत नाही.

एखादी स्क्रिप्ट चालवून होय-नाही ठरवायचं असेल तर पॅम_एक्झेक आहे. एक्स्पोज_ऑथटोक हा पर्याय दिला की पासवर्ड स्क्रिप्टच्या स्टँडर्ड इनपुटवर येतो आणि वापरकर्त्याचं नाव एन्व्हायर्नमेंटमध्ये मिळतं. सी आणि रस्टच्या सीमेवरची सगळी डोकेदुखी इथे टळते. बॅज वाचून, पिन विचारून, दोन्ही टप्प्यांची माहिती सेशनपर्यंत न्यायची असेल तेव्हाच स्वतःचं मॉड्यूल लिहावं.

दोन फंक्शनं, दोन वेगळे कायदे

पॅम_गेटएन्व्ह आणि पॅम_गेटएन्व्हलिस्ट ही शेजारशेजारची फंक्शनं घ्या. पहिलं एक पॉइंटर देतं. तो पॅमचा आहे, त्याला हात लावायचा नाही. दुसरं पॉइंटरांची यादी देतं. ती पूर्ण तुमची, त्यातली प्रत्येक स्ट्रिंग आणि शेवटी यादी, दोन्ही सीच्या फ्री फंक्शनने मोकळी करायची. सीच्या प्रकारांमध्ये हा फरक ओळखण्याजोगा उमटलेला नाही. रस्टमध्ये मात्र पहिल्याचं उत्तर पॅमच्या हँडलच्या लाइफटाइमला (तो जिवंत असेपर्यंतच्या काळाला) बांधलेला सीस्ट्र (सीची स्ट्रिंग) संदर्भ असावा, दुसऱ्याचं उत्तर ड्रॉप झाल्यावर, म्हणजे वापर संपल्यावर, स्वतःला मोकळं करणारा स्वतंत्र टाइप. एवढं केलं की चूक कंपायलरच दाखवतो.

पॅम_गेट_यूजरचं तसंच. मिळालेलं नाव पॅमच्या मेमरीत असतं आणि कोणी पॅम_सेट_आयटमने यूजर बदलला की जुना पॉइंटर निकामी होतो. म्हणून रॅपरमध्ये नाव वाचणारी मेथड साधा संदर्भ घेणारी आणि आयटम बदलणारी मेथड म्यूटेबल (बदल करू देणारा) संदर्भ घेणारी ठेवावी. मग जुनं नाव हातात धरून नवं नाव बसवणारा कोड बॉरो चेकरच्या, म्हणजे संदर्भ तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाच्या, पुढे जातच नाही. सगळ्याच मेथड साधा संदर्भ घेत असतील आणि आत कच्चा पॉइंटर फिरत असेल, तर तो रॅपर नावापुरता सुरक्षित आहे.

उत्तराच्या आकड्याबाबतही तेच. सीकडून आलेला इंट (पूर्णांक) सरळ ट्रान्सम्यूट करून, म्हणजे न तपासता टाइप बदलून, रस्टच्या एनममध्ये (ठरावीक पर्यायांच्या टाइपमध्ये) घालू नका. यादीत नसलेला आकडा आला की ते अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे पुढे काय होईल याची हमीच नाही. शिवाय आकडे सगळीकडे सारखे नसतात: लिनक्स-पॅममध्ये ऑथ_एरर म्हणजे ७, फ्रीबीएसडीच्या ओपनपॅममध्ये ९. इंट आत ठेवणारा न्यूटाइप (एकाच किमतीभोवतीचा वेगळा टाइप) करावा आणि अनोळखी आकडा म्हणजे नकार, असा मॅच लिहावा.

संवादाचं फंक्शन: सगळ्यात जास्त चुका इथे

पासवर्ड विचारण्याचं काम मॉड्यूल स्वतः करत नाही. ते ॲप्लिकेशनने दिलेल्या संवाद-फंक्शनला संदेश पाठवतं आणि ॲप्लिकेशन उत्तरं देतं. संदेश चार प्रकारचे: अक्षरं न दाखवता विचारणं १, दाखवून विचारणं २, चुकीची सूचना ३, साधी माहिती ४. एका वेळी जास्तीत जास्त ३२ संदेश. संदेशाची आणि उत्तराची कमाल लांबी ५१२ बाइट.

उत्तरांच्या यादीसाठी मेमरी ॲप्लिकेशनने सीच्या मॅलॉक किंवा कॅलॉक फंक्शनने घ्यायची, प्रत्येक उत्तराची स्ट्रिंगही मॅलॉकची, आणि हे सगळं मॉड्यूल फ्रीने मोकळं करणार. रस्टमध्ये हात आपोआप सीस्ट्रिंगच्या इन्टू_रॉ कडे जातो. तसं करू नका. ती मेमरी रस्टच्या ॲलोकेटरची (मेमरी देणाऱ्या-सोडणाऱ्या भागाची) आहे, सीच्या फ्रीची नाही. खरी अडचण ही की लिनक्सवर ते बहुतेक वेळा चालून जातं. रस्ट १.३२ पासून, म्हणजे जानेवारी २०१९ पासून, रस्टचा नेहमीचा ॲलोकेटर सिस्टिमचाच असतो आणि आतून मॅलॉकच बोलावला जातो. चाचण्या हिरव्या, मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड गप्प. मग कोणी त्या प्रोग्रॅममध्ये वेगळा ग्लोबल ॲलोकेटर बसवतो आणि लॉगिनच्या वेळी प्रोसेस कोसळते.

ही चूक आधीच पकडायची एक सोपी युक्ती आहे. फक्त चाचणीच्या बिल्डसाठी वीस-पंचवीस ओळींचा ग्लोबल ॲलोकेटर लिहा. मागितल्यापेक्षा १६ बाइट जास्त घ्यायचे आणि १६ बाइट पुढचा पॉइंटर द्यायचा, सोडताना १६ वजा करायचे. १६ पेक्षा मोठ्या अलाइनमेंटसाठी तेवढीच सरक ठेवायची. आता रस्टची मेमरी सीच्या फ्रीकडे गेली, किंवा मॅलॉकची मेमरी रस्टच्या फ्रॉम_रॉ कडे आली, की जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) बहुतेक वेळा ‘फ्री: इनव्हॅलिड पॉइंटर’ म्हणून तिथल्या तिथे थांबवते. दोन्ही दिशांच्या चुका बहुधा पहिल्याच फेरीत उघड होतात. रॅपर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे एवढं तरी करावंच.

संवाद-फंक्शनला दिलेला ॲपडेटा पॉइंटर हा दुसरा खड्डा. पॅम_स्टार्ट संवादाचं स्ट्रक्ट स्वतःकडे कॉपी करतं, पण ॲपडेटा जिकडे बोट दाखवतो ती वस्तू कॉपी करत नाही. रॅपरने ती वस्तू स्वतःच्या स्ट्रक्टमध्ये सरळ ठेवली आणि मग ते स्ट्रक्ट फंक्शनमधून परत केलं, तर रस्ट ते हलवतो आणि पॉइंटर जुन्या जागेकडे बघत राहतो. वस्तू हीपवर, म्हणजे न हलणाऱ्या जागी, बॉक्समध्ये ठेवून त्याच्या इन्टू_रॉ ने पॉइंटर घ्यावा आणि पॅम_एंड झाल्यावरच तो परत बॉक्समध्ये आणून सोडावा. क्रम उलटा चालणार नाही, कारण पॅम_एंडच्या दरम्यान एखाद्या मॉड्यूलचं सफाईचं फंक्शन संवाद साधू शकतं.

मराठी सूचना दाखवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘परवलीचा शब्द: ’ एवढी सूचना शेवटच्या रिकाम्या जागेसकट ३६ बाइटची होते, म्हणजे ५१२ च्या मर्यादेत ती आरामात बसते. पण पासवर्ड देवनागरीत असेल तर जपा. ‘दऱ्या’मधला ऱ कुठल्या कीबोर्डवरून एक चिन्ह म्हणून येतो, कुठून र आणि नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर तेच अक्षर, बाइट वेगळे, आणि पॅमला फक्त बाइट कळतात. रॅपरने परस्पर नॉर्मलाइझ करू नये (दोन्ही रूपं एक करू नयेत), कारण त्याच पासवर्डचा साठवलेला जुना हॅश कुठल्या बाइटवरून बनला हे रॅपरला ठाऊक नसतं. वापरकर्त्याचं नाव वाचतानाही टू_स्ट्रिंग_लॉसी वापरू नका. खराब बाइटच्या जागी ते पर्यायी चिन्ह बसवतं आणि दोन वेगळी नावं एकसारखी होऊन बसू शकतात. आणखी एक: लिनक्सच्या काळ्या टेक्स्ट कन्सोलवर देवनागरी नीट उमटत नाही. मराठी सूचना जीडीएमवर ठेवा, कन्सोलवर इंग्रजीच बरी.

सेट_डेटा आणि ड्रॉप एक नव्हेत

बॅजच्या टप्प्यात मिळालेली माहिती सेशनच्या टप्प्यात हवी असते. पासवर्डाबाबत तर नक्कीच अडतं, कारण पॅम_ऑथेंटिकेट संपून नियंत्रण ॲप्लिकेशनकडे गेलं की लिनक्स-पॅम ऑथटोक, म्हणजे तिच्याकडचा पासवर्ड, पुसून टाकतं. मग पॅम_सेट_डेटा वापरायचं: नाव, पॉइंटर आणि सफाईचं फंक्शन. रस्टवाला म्हणतो, बॉक्सचा पॉइंटर देतो, सफाईत परत बॉक्स करून ड्रॉप करतो, झालं काम.

झालेलं नसतं. सफाईच्या फंक्शनला एक स्टेटस मिळतो आणि त्यात दोन झेंडे असू शकतात. डेटा_रिप्लेस म्हणजे कोणीतरी त्याच नावावर नवी वस्तू ठेवत आहे. डेटा_सायलेंट म्हणजे ॲप्लिकेशनने फोर्क करून स्वतःच्या प्रोसेसची प्रत काढली आहे आणि ही सफाई चाइल्ड प्रोसेसमध्ये चालली आहे: मेमरी सोडा, पण बाहेरच्या जगाला हात लावू नका. रस्टच्या ड्रॉपला हे झेंडे दिसत नाहीत. ड्रॉपमध्ये तात्पुरती टोकन-फाइल पुसण्याचा कोड असेल तर चाइल्ड प्रोसेस ती पुसून मोकळी होते आणि पेरेंटला ती सापडत नाही. म्हणून रॅपरने ड्रॉपवर विसंबू नये. स्टेटस घेणारी वेगळी सफाईची मेथड ट्रेटमध्ये (टाइपने लिहायच्या मेथडांच्या यादीत) असावी आणि ड्रॉपमध्ये निव्वळ मेमरी सोडावी, तीही पासवर्डची असेल तर झीरोआइझ क्रेटने पुसून. पासवर्ड वाढत्या स्ट्रिंगमध्ये वाचू नका. ती वाढताना जुनी जागा न पुसता सोडते. आधीच ५१२ बाइटची क्षमता घ्या.

पॅम_सेट_डेटा अयशस्वी झालं तर वस्तू पॅमने घेतलेली नसते, ती रॅपरनेच परत घेऊन सोडायची. आणि नावांची जागा सगळ्या मॉड्यूलांत एकच असते. ‘डेटा’ किंवा ‘पिन’ असं नाव ठेवलं आणि दुसऱ्या मॉड्यूलनेही तेच ठेवलं, तर त्याचा पॉइंटर तुमच्या टाइपचा समजून वाचला जाईल. मॉड्यूलचं पूर्ण नाव आधी जोडा. कुठलाही टाइप मागू देणारी गेट_डेटा मेथड जो रॅपर तिच्यावर अनसेफ (हमी वापरणाऱ्याची) अशी खूण न लिहिता देतो, त्याने इथे फसवलेलं असतं.

पॅनिक

मॉड्यूल हे सुडो, एसएसएच किंवा जीडीएमच्या प्रोसेसमध्ये लोड होतं. रस्टच्या पॅनिकने (चूक झाल्यावर काम अर्धवट सोडून मागे फिरण्याने) सीच्या चौकटीत शिरणं पूर्वी अनडिफाइन्ड बिहेवियर होतं. रस्ट १.८१ पासून एक्सटर्न सी फंक्शनमधून पॅनिक बाहेर पडलं की प्रोसेस तिथेच बंद केली जाते. दोन्ही वाईट, दुसरं निदान प्रामाणिक. बाहेर दिसणाऱ्या सहाही फंक्शनांत आणि सफाईच्या फंक्शनातही पॅनिक पकडणारं कॅच_अनवाइंड हवं, आणि पॅनिक आलं तर उत्तर सर्व्हिस_एरर. कार्गो टॉमल या बिल्डच्या फाइलमध्ये पॅनिक अबॉर्ट ठेवलं असेल तर कॅच_अनवाइंड काहीच पकडत नाही. बायनरी लहान करायच्या नादात ही ओळ सर्रास घातली जाते.

न लिहिलेल्या टप्प्याचं उत्तर काय द्यायचं यावर माझं मत ठाम आहे: पॅम_इग्नोर, सक्सेस कधीच नाही. अकाउंटचा टप्पा लिहिला नाही म्हणून रॅपर गुपचूप सक्सेस देत असेल आणि कॉन्फिगमध्ये कोणी त्या ओळीला सफिशंट (हे यशस्वी झालं की पुरे) लावलं, तर मुदत संपलेली खातीही आत येतात.

मॉड्यूलमध्ये थ्रेड सोडून देऊ नका. पॅम_एंडच्या वेळी लायब्ररी मॉड्यूलला डीएलक्लोज करते, म्हणजे मेमरीतून काढते. मागे राहिलेला टोकियोचा (रस्टच्या असिंक्रोनस लायब्ररीचा) थ्रेड मग पुसलेल्या कोडवर चालायला जातो. आणि पॅम_सिसलॉगला वापरकर्त्याने टाईप केलेलं नाव फॉरमॅट म्हणून देऊ नका, फॉरमॅट नेहमी टक्का-एस (पुढची स्ट्रिंग जशीच्या तशी छापणारा).

तयार क्रेट

पॅमएसएम हे मॉड्यूल लिहिणाऱ्यांसाठी आहे. एक ट्रेट लिहायचा, मॅक्रो सीची सहा फंक्शनं तयार करून देतो. लिबपॅम फीचर चालू केलं की लायब्ररीची फंक्शनंही मिळतात. सुरुवातीला एवढं पुरतं. घेण्याआधी कार्गो एक्स्पांडने मॅक्रो उलगडून वर सांगितलेल्या दोन गोष्टी, पॅनिक आणि न लिहिलेल्या टप्प्याचं उत्तर, डोळ्यांनी वाचा. कमी पडलं तर स्वतःच्या फंक्शनात कॅच_अनवाइंड घालणं अवघड नाही.

पॅम-क्लायंट दुसऱ्या बाजूचं, म्हणजे लॉगिन करवून घेणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी. कॉन्टेक्स्ट ड्रॉप झाला की पॅम_एंड होतं, सेशन ड्रॉप झालं की सेशन बंद होतं, आणि संवादासाठी कमांड लाइनचा, खोटा आणि रिकामा असे तीन प्रकार तयार मिळतात. खोट्या संवादामुळे चाचणी लिहिणं फार सुखाचं होतं. मात्र ऑथेंटिकेटनंतर अकाउंटची तपासणी केलीच पाहिजे, हे तुम्हीच लक्षात ठेवायचं. ती विसरली तर पासवर्ड बरोबर असलेला पण खातं संपलेला माणूस आत जातो. स्वतःचा रॅपर लिहिणार असाल तर तपासलेला आणि न तपासलेला असे दोन टाइप करा आणि ओपन_सेशन फक्त पहिल्यावर ठेवा. पॅम-सिस हे आणखी एक क्रेट म्हणजे सीच्या फंक्शनांचं निव्वळ कच्चं बाइंडिंग (घोषणा), त्यावर वरचं सगळं तुम्हालाच बांधायचं.

बसवताना

बिल्डसाठी उबुंटूवर लिबपॅम०जी-डेव्ह, फेडोरावर पॅम-डेव्हेल. सीच्या हेडरमधून रस्टच्या घोषणा बनवणारं बाइंडजेन वापरत असाल तर लिबक्लँगही. क्रेटचा प्रकार सीडायलिब, म्हणजे सीला लोड करता येणारी लायब्ररी. तयार झालेली एसओ फाइल उबुंटूवर लिबच्या एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू डिरेक्टरीतल्या सिक्युरिटीमध्ये जाते, फेडोरावर लिब६४ मधल्या सिक्युरिटीमध्ये. मालक रूट, परवानगी ६४४.

पिनची फाइल रूटची आणि ६०० ठेवली की एक गंमतशीर वाटणारी पण त्रासाची तक्रार येते: लॉगिन होतं, स्क्रीनचं कुलूप मात्र उघडत नाही. आयथ्रीलॉक किंवा स्वेलॉकसारखे लॉकर साध्या वापरकर्त्याच्या हक्कांनी चालतात, त्यांच्यात लोड झालेलं मॉड्यूल ती फाइल वाचूच शकत नाही. पॅम_युनिक्स याच कारणासाठी युनिक्स_चेकपीडब्ल्यूडी नावाचा, जादा हक्कांनी चालणारा (सेटयूआयडी, उबुंटूवर सेटजीआयडी) मदतनीस वापरतं. तुम्हालाही तसा छोटा मदतनीस किंवा सॉकेटवर उत्तर देणारी सेवा लागेल. फाइलची परवानगी ६४४ करणं हा उपाय नाही.

पहिल्या चाचण्या सगळ्या सेवा वापरतात त्या कॉमन-ऑथ फाइलवर नकोत. पॅम डॉट डी मध्ये वेगळ्या नावाची सेवा-फाइल करा आणि पॅमटेस्टर या चाचणीच्या आज्ञेला ती सेवा, वापरकर्ता आणि ‘ऑथेंटिकेट’ एवढं द्या. लिनक्स-पॅम १.४.० पासून पॅम_स्टार्ट_कॉन्फडिर आहे, त्याने कॉन्फिगची डिरेक्टरीच वेगळी देता येते, म्हणजे कार्गो टेस्ट रूटशिवायही चालते. खऱ्या मशीनवर बदल करताना दुसऱ्या टर्मिनलवर रूटचं शेल उघडं ठेवा आणि नवं लॉगिन झाल्याशिवाय ते बंद करू नका.

आणि बिल्ड कुठे केला ते बघा. ऑफिसच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ असतं, जीलिबसी २.३९. कारखान्यातला संगणक अजून २०.०४ वर, जीलिबसी २.३१. लॅपटॉपवर बनलेली एसओ तिथे उघडतच नाही, आणि ओळीला रिक्वायर्ड (यशस्वी व्हायलाच हवं) लावलेलं असेल तर पाळी बदलताना कोणालाच आत जाता येत नाही. ऑथ डॉट लॉगमध्ये ‘अनेबल टू डीएलओपन’ आणि त्याखाली ‘ॲडिंग फॉल्टी मॉड्यूल’ या दोन ओळी दिसल्या तर रस्टचा कोड तपासत बसू नका. ग्राहकांकडच्या सगळ्यात जुन्या आवृत्तीच्या कंटेनरमध्ये बिल्ड पुन्हा करा.